उशिरा येणाऱ्या दादास

शीलो,
९ एप्रिल

प्रिय दादास,

नमस्कार. आम्ही दोघी खुशाल आहोत. तू कसा आहेस हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते, उत्तराची घाई नाही. हाताने लिहायची सवय गेली आहे, अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घे. तू मला फोनवर बंद करून टाकलंस, मेसेज जात नाहीत, मग टपालाशिवाय काय उरलं? पाकीट विकत घ्यायला गेले तेव्हा पोस्टातल्या बाईंनी विचारलं, परदेशी पाठवायचंय का? म्हटलं नाही हो, ताइचुंगला, माझ्या सख्ख्या भावाला. सकाळी निघालं तर जेवणाआधी परत येता येईल इतक्या अंतरावर राहतो तो. बाई हसल्या, मी काही हसले नाही.

आईचे गुडघे तसेच आहेत. डाव्या कानाने आता जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे कोणाचाही फोन आला की ती माझ्या हातात देते आणि मी निरोप ओरडून सांगते. अंगणातले बाबांचे सोया सॉसचे रांजण ती अजून काढू देत नाही. आता चारच भरतो, घरापुरते आणि शेजारपाजाऱ्यांना वाटण्यापुरते. यंदा ऊन चांगलं पडतंय, सॉस दाट होईल असं ती म्हणते. तुझ्यासाठी एक बाटली बाजूला ठेवायचीच, हे तिचं दरवर्षीचं पालुपद यंदाही चालू आहे.

आता मुख्य काम. आपल्याकडच्या दफनभूमीची जागा नगरपालिकेला मोकळी हवी आहे, तिथे बाग होणार आहे. त्यामुळे बाबांच्या अस्थी वर काढायच्या, पुसायच्या, कलशात भरायच्या आणि नदीपलीकडच्या मंदिरातल्या अस्थीघरात नेऊन ठेवायच्या. गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला आहे. हे माणसाच्या बाबतीत एकदाच होतं आणि ते थोरल्या मुलाने करायचं असतं, हे तुला सांगायला नको. आई मला म्हणाली, "आ-हानला दिवस कळव, वेळ कळव, नीट बजावून कळव. त्याला उशीर होतो."

कळवते. त्याआधी चार गोष्टी बोलून घेते, कारण तू मला इतक्या दिवसांत बोलूच दिलं नाहीस.

त्या सोमवारच्या सकाळचा राग तुझ्या डोक्यातून गेला नसणार. जायला नकोच आहे. पण तू तुझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना जे सांगत सुटला आहेस, की वान-रू जाताना मुद्दाम घड्याळ बिघडवून गेली, ते साफ खोटं आहे. मी तुझ्या घड्याळाला हातही लावलेला नाही. हात लावला नाही, हेच तर झालं.

पण तू विसरला असशील म्हणून पहिल्यापासून सांगते. बाबा गेल्यावर तू मला ताइचुंगला बोलावलंस. म्हणालास, मोठी खोली घेतली आहे, पोकर शिकायला पोरं येतात, तुझं डोकं चालतं, तू ये. मी आले. मी ऑनलाइन स्पर्धांना पहिल्या डावापासून बसायची आणि तू सगळ्यांसमोर माझी टर उडवायचास. पहिल्या डावाला येणारे म्हणजे साहेबाच्या आधी येऊन खुर्ची झटकणारे कारकून, असं तू म्हणायचास. नोंदणी कित्येक तास उघडी असते, मग शहाणा माणूस रात्रभर झोपतो, सकाळी न्याहारी करतो आणि दार बंद होता होता आत शिरतो. तोवर अर्धे लोक आपापसांत मारामाऱ्या करून बाहेर गेलेले असतात, बक्षिसं जवळ आलेली असतात, आणि त्याला खेळायचे चिप्स तेवढेच मिळतात जेवढे पहिल्या डावाला बसणाऱ्याला मिळाले. फुकटात अर्धी वाट चालून झाली, असं तुझं म्हणणं.

मी भांडत बसले नाही. मी तपासायला बसले. दोन वर्षं मी स्पर्धेमागून स्पर्धा उलगडून पाहिली, कोण कधी शिरलं आणि कुठवर गेलं ते. त्यातून जे निघालं ते तुला चांगलं ठाऊक आहे. उशिरा शिरण्यात फायदा आहे, खोटं नाही. बक्षिसं जवळ येतात, तास वाचतात, झोप होते. पण तोटाही आहे. दर डावाला टाकावी लागणारी सक्तीची रक्कम तोवर इतकी वाढलेली असते की तेच चिप्स चिमूटभर होतात. दोन-तीन डाव बघायचे आणि सगळं पुढे ढकलून मोकळं व्हायचं, एवढाच खेळ उरतो. आणि हौशे-नवशे लोक पहिल्या काही तासांतच आपले चिप्स वाटून जातात. ते कोणाला वाटतात? जे बसलेले असतात त्यांना. म्हणून ज्या स्पर्धेत नवखे जास्त, तिथे लवकर बसावं. जिथे सगळेच मुरलेले, तिथे उशिरा गेलं तरी बिघडत नाही. आधी बघावं, मग ठरवावं. एवढं साधं होतं ते.

तू त्यातलं आपल्या सोयीचं अर्धं उचललंस. उरलेलं अर्धं टाकून दिलंस आणि जे उचललंस त्याला 'शेवटचं दार' असं नाव देऊन शिकवायला लागलास. पोरं भरून यायला लागली. मोठा वर्ग घेतलास त्या दिवशी एका मुलाने हात वर करून विचारलं की सर, ही सगळी आकडेमोड तुम्ही एकट्याने केली, की तुमची बहीणही यात होती? मी मागे उभी होते. सगळ्यांसाठी उलुंग चहाचा ट्रे माझ्याच हातात होता. तू माझ्याकडे बघितलंस, हसलास आणि म्हणालास, "माझी बहीण? ती चहा फार छान करते."

खोलीभर हशा. मीही हसले, कारण ट्रे हातात असताना दुसरं काय करणार. सगळ्यांना चहा दिला, कप गोळा केले, धुतले, आणि संध्याकाळच्या बसने शीलोला आले. तू आईला फोन करून म्हणालास, तिला कसला राग आलाय कोण जाणे. खरंच कळलं नव्हतं का रे तुला? की कळूनही वेड पांघरलं होतंस? मी यावर खूप विचार केला. आता करत नाही.

उशिरा येणाऱ्याला चिप्सचा पूर्ण ढीग मिळतो हा नियम मला खेळातही कधी पटला नाही. जो पहिल्यापासून बसलाय तो घासत, हरत, जपत कसाबसा टिकून असतो. आणि हा शेवटी येतो, आंघोळ करून, भांग पाडून, आणि ह्याच्यापुढे अखंड ढीग. घरात तरी वेगळं काय झालं? बाबांना लकवा झाला तेव्हापासून त्यांची कूस बदलायला मी, अंग पुसायला मी, पेज भरवायला मी. पेजेत मीठ जास्त झालं की उजव्या हाताने वाटी उडवून द्यायचे, तो हात तेवढा चालत होता. मीही त्यांना उलटून बोलायची, मी काही देवी नव्हे. तू शेवटच्या आठवड्यात आलास. नवा शर्ट घालून आलास. आणि बाबांनी तुझा हात धरला आणि दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सला बोलावून सांगितलं, माझा मुलगा आला. लादी पुसणाऱ्या बाईला सांगितलं. आईने तुझ्यासाठी माशाचं सूप करून आणलं, कारण प्रवासाने तू दमला होतास. मी तो डबा उघडून तुला वाढला. अंत्ययात्रेत पुढे तू होतास, उदबत्ती तुझ्या हातात होती, आणि बाया एकमेकींना सांगत होत्या की केवढ्या धावपळीत पोचला बिचारा.

असो. घड्याळाकडे येते.

तुझ्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक आपलं, एक युरोपचं, कारण ज्या साइटवर आपण खेळतो तिचा सगळा कारभार युरोपच्या वेळेवर चालतो. आता युरोपातले लोक वसंत आला की आपली घड्याळं तासभर पुढे सारतात आणि हिवाळ्याआधी परत मागे आणतात. आपल्याकडे असली भानगड नाही. त्यामुळे मार्च संपता संपता एक सोमवार असा येतो की नोंदणीचं दार आपल्या सकाळी तासभर आधी बंद होतं. पहिल्या डावाला बसणाऱ्या कारकुनाला त्याचं काही नाही, तो आधीच आत असतो. शेवटच्या क्षणी शिरणाऱ्यानेच ते जपायचं. इतकी वर्षं तू कधी चुकला नाहीस, कारण वर्षातून दोनदा मी स्टुलावर चढून त्या घड्याळाचे काटे फिरवत होते. तुला वाटत होतं की ते आपलं आपण बरोबर चालतं.

तुला कोणी अडवलं होतं का स्पर्धेची खिडकी आधी उघडून बघायला? पण नाही. दार बंद व्हायची वेळ येईपर्यंत खिडकी उघडायची नाही, बघितलं की हात शिवशिवतात, हा तुझाच मंत्र. पोरांकडून तू तो घोकून घ्यायचास.

त्या सोमवारी मी पहिल्या डावापासून बसले होते. सकाळ व्हायच्या आत बाहेरही पडले, आणि वाईट खेळून पडले, त्याची शेखी मिरवत नाही. मग कोपऱ्यावरून सोयाचं दूध आणि अंड्याचं धिरडं आणलं आणि तुझं थेट प्रक्षेपण लावून बसले. वसंत मालिकेतली शेवटची स्पर्धा. गुणतक्त्यात तू सगळ्यांत वर. नुसतं आत शिरून थोडा वेळ टिकला असतास तरी मालिका तुझी होती. तुझी पोरं, त्यांचे मित्र, सगळे बघत होते. आणि तू कॅमेऱ्यासमोर न्याहारी करत होतास. आपल्याच घरचा सॉस बशीत घेऊन त्यात धिरड्याचा तुकडा बुडवत होतास आणि घाई करणारा कसा हरतो ते समजावत होतास.

माझ्या पडद्यावर दार बंद व्हायला उरलेला वेळ उलटा सरकत होता. तुझ्या मागे भिंतीवर युरोपचं घड्याळ निवांत तासभर मागे होतं. माझा फोन हातात होता आणि अंगठा तुझ्या नावावर होता. दोन शब्द पुरले असते. मी ते लिहिले नाहीत. उरलेलं धिरडं खाल्लं. सांगू, इतक्या चवीने मी कित्येक महिन्यांत काही खाल्लं नव्हतं.

मग तू हात पुसलेस, बोटं मोडलीस, आता बघा म्हणालास आणि खिडकी उघडलीस. बटण राखाडी. तू दाबलंस. परत दाबलंस. खुर्ची मागे ओढून भिंतीकडे बघितलंस, आणि सगळ्या जगासमोर तुझ्या तोंडून निघालं, "वान-रू! घड्याळ!"

मी नसताना. निघून जाऊन चार महिने झाले असताना. ते ऐकून मला जे वाटलं ते कसं लिहू? आनंद झाला. दुसरा चांगला शब्द सुचत नाही, साधा आनंद. आणि खाली तुझ्याच पोरांपैकी कोणीतरी लिहिलं, सर, त्या चहा करत असतील. मग सगळे खिदळायला लागले आणि तू कॅमेरा बंद केलास.

त्यानंतर मी तुला एकच ओळ पाठवली. युरोपात उन्हाळा लागला, दादा. एवढीच. तू ती वाचलीस आणि मला बंद केलंस. मालिका ओसाकाचा कोणी मुलगा घेऊन गेला म्हणतात. मी मुद्दाम चौकशी केली नाही, कळलं.

आता बाबांचा दिवस आणि वेळ.

आज होता. सकाळी. आत्ता दुपार आहे, कपडे वाळत घातले, आई आडवी झाली आहे आणि मी हे लिहायला बसले आहे.

आईला वाटतंय की पत्र आठ दिवसांपूर्वी गेलं. तिने रोज विचारलं, टाकलंस का, आणि मी रोज म्हटलं, टाकलं. पाकीट आणलेलं होतं, त्यावर तुझा पत्ता लिहिलेला होता, तिने तो डोळ्याने पाहिला. आत काही नव्हतं. एकदा ती म्हणाली, मीच फोन लावून बघते. मी म्हटलं, तुला ऐकू येणार नाही, मी लावते, आणि अंगणात जाऊन रांजणांशी बोलून आले. म्हटलं, येतो म्हणाला. हो, हे मी केलं. तू कधी आपण होऊन आईला एक फोन केला असतास तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. मी रोज त्याची वाट पाहत होते, जराशी भीतही होते. तू केला नाहीस.

डोंगरउतारावर ऊन लवकर चढलं. अस्थी काढणारा म्हातारा हुंग माणसं घेऊन आला, फळं मांडली, उदबत्त्या लावल्या. खणून झालं. मग त्याने विचारलं, थोरला मुलगा कुठाय? पेटी उघडायच्या आधी त्याने हाक मारायची असते आणि अस्थींवर ऊन पडू नये म्हणून काळी छत्री त्यानेच धरायची असते. आई रस्त्याकडे बघत होती. खालून एक पांढरी गाडी वळली तर ती दोन पावलं पुढे गेली, गाडी दुसऱ्या कोणाची निघाली. मग ती हुंगला म्हणाली, "थोडं थांबा हो. माझा मुलगा उशिरा येतो, पण येतो."

हुंग भला माणूस आहे. तो थांबला. परत घड्याळ बघितलं, परत थांबला. शेवटी म्हणाला, "बाई, मुहूर्त माझा नाही. मला थांबवता येत नाही."

मी आईच्या हातातून छत्री घेतली आणि उघडली. मी हाक मारली, बाबा, उठा, आपल्याला घर बदलायचंय. माझा आवाज चांगला खणखणीत निघाला.

हाडं तपकिरी झाली होती. हुंग एकेक पुसून माझ्या हातात देत होता आणि मी सुपात ठेवत होते, आधी पायाची, मग वरची. उजव्या मनगटाचं हाड आलं तेव्हा त्यावर सांधल्याची गाठ होती. तुला आंबा काढून देताना बाबा शिडीवरून पडले होते ना, तीच. तेव्हा मात्र तुझी फार आठवण झाली. वाटलं, दादाने हे बघायला हवं होतं. आणि लगेच संतापाने डोळे भरून आले, कारण बाबांच्या हाडातसुद्धा तूच. आईला वाटलं मी बाबांसाठी रडते. त्यांच्यासाठीही रडत होते.

कलश मी छातीशी धरून नेला. गाडी शीलोच्या पुलावर चढली तेव्हा चालकाने मागे वळून पाहिलं, कारण पुलावर मुलाने सांगायचं असतं, नाहीतर गेलेला माणूस अलीकडेच राहतो. मी सांगितलं, बाबा, पूल आला. मधोमध पोचल्यावर सांगितलं, अजून थोडा आहे. पलीकडे उतरल्यावर सांगितलं, आलो. आई माझ्या डाव्या बाजूला होती, पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत. तिने तुझ्यासाठी भाज्या आणि दाण्याचं कूट भरलेल्या दोन पातळ पोळ्या गुंडाळून आणल्या होत्या. परत येताना त्या मी खाल्ल्या.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली की आ-हानला कळवलं होतं, तरी आला नाही. रडली नाही. सॉसची बाजूला ठेवलेली बाटली उचलली आणि शेजारच्या काकूंना देऊन आली. मी तिला अडवलं नाही आणि खरं काय ते सांगितलंही नाही. सांगणारही नाही.

तुला सांगायचं असेल तर सांग. हे पत्र तिच्यापुढे धर, अक्षर माझंच आहे, मी नाकारणार नाही. ओरडून सांग तिच्या उजव्या कानात, की वान-रूने मला कळवलंच नाही. ती काय विचारेल तेही सांगून ठेवते, म्हणजे उत्तर तयार ठेवशील. ती विचारेल, बापाचं थडगं कधी उघडणार हे मुलाला बहिणीने कळवावं लागतं का रे?

पत्र साध्या टपालाने टाकते आहे. सावकाश पोचेल.

आईचा आशीर्वाद आज मागितला नाही, म्हणून कळवत नाही.

बाबांना पूल ओलांडून नेणारी,
वान-रू